शनिवारचा इवाना

जपानहून कायमचे परत आल्यापासून ठाण्याच्या आमच्या सोसायटीत जो भेटेल तो विचारतो, "फुजी बघितलात का?" बघितला हो. ढगात होता. क्योतोही बघितलं, हरणंही बघितली, त्यांनी माझी ओढणी चावली. ते सगळं फोटोत आहे, कुणी घरी आलं तर दाखवीन. पण एवढी वर्षं तिथे काढून शेवटी मनात काय राहिलं म्हणाल, तर डोंगरातलं एक लहानसं तळं. त्याचं नाव मी लिहिणार नाही. 

ओजिमा, आवराआवरीचे दिवस

आम्ही तीन वर्षांसाठी म्हणून तोक्योला गेलो होतो. माझा नवरा सुहास सॉफ्टवेअरमधला, एका जपानी कंपनीच्या कामावर. तीन वर्षांची किती वर्षं झाली ते सांगत बसत नाही. जाताना मुलगी इरा कडेवर होती आणि निघताना ती सेंदाईला युनिव्हर्सिटीत शिकत होती, एवढ्यावरून समजून घ्या. आम्ही ओजिमाला राहायचो. सरकारी इमारतींची वसाहत, खाली सायकलींच्या रांगा, आणि दर दुसऱ्या मजल्यावर कुणाच्या तरी घरातून फोडणीचा वास.

निघायचं ठरल्यावर माझे जे हाल झाले ते विचारू नका. तिथे जुना सोफा टाकायचा म्हणजे सुद्धा आधी फोन करून तारीख घ्यायची, दुकानातून स्टिकर आणून चिकटवायचा आणि सांगितलेल्या सकाळी तो खाली नेऊन ठेवायचा. कपाट, पलंग, इराचं टेबल, सगळ्यांची अशीच पाठवणी. त्यात रोज कुणाकडे तरी निरोपाचं जेवण. रोज पनीर. रोज तेच, "तुम्ही गेल्यावर आम्हाला करमणार नाही हं." अंगात त्राण म्हणून उरलं नव्हतं. बाहेर चेरी फुलून गळायलाही लागली होती, आणि मी एकदाही मान वर करून बघितली नव्हती.

अशात एका संध्याकाळी सुहास म्हणाला, "किकुची-सान बोलावतायत. शनिवार-रविवार. त्यांच्या गावाला, मासे धरायला."

"मला गाढ झोपायला कुणी बोलावत असेल तर सांग," मी म्हटलं.

पण नाही म्हणायची सोय नव्हती. किकुची-सान सुहासच्या ऑफिसातले वडीलधारे. मोठा भूकंप झाला त्या दिवशी सगळ्या गाड्या बंद पडल्या, फोन लागेनात, आणि मी दुसरीतल्या इराला घेऊन खाली मैदानात थरथरत बसले होते. हा माणूस आपलं घर दुसऱ्या टोकाला असताना सुहासला रस्ता दाखवत ओजिमापर्यंत चालत आला, माझ्यासमोर त्याला उभं केलं, वाकून नमस्कार केला आणि तसाच मागे फिरून आपल्या घरी चालत गेला. पाणीसुद्धा प्यायला थांबला नाही. रिटायर झाल्यावर तो आणि त्याची बायको सेत्सुको-सान त्यांच्या मूळ गावी जाऊन राहिले. वडिलांचं घर, मागे डोंगर, पुढे तळं.

"गाव कुठे त्यांचं?" मी विचारलं. मला माहीत होतं. तरी विचारलं.

"फुकुशिमा. पण आतल्या डोंगरात, समुद्रापासून खूप लांब," सुहास म्हणाला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तिथलं काही खायचं नाही, ठीक आहे. मी बघतो काय ते."

हे समजण्यासाठी एक गोष्ट सांगायला हवी. मला जपानी बोलता येतं, शाळेतल्या आयांकडून शिकलेलं, घरगुती. वाचता मात्र जवळजवळ येत नाही. जी दोन अक्षरं मी सगळ्यांत आधी शिकले ती फुकुशिमाची. भूकंपानंतर तिथलं अणुवीज केंद्र फुटलं, आणि आम्हा सगळ्या आया सुपरमार्केटमध्ये भाजीच्या पाकिटावरचं जिल्ह्याचं नाव वाचायला लागलो. ती दोन अक्षरं दिसली की पाकीट परत जागेवर. दूध लांबच्या बेटावरचं, पालक पश्चिमेचा, पाणी बाटलीतलं. पोर लहान होती. कुणी काही म्हणो, पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा तेच करीन. पण सवय अशी लागली की इरा मोठी झाली, घर सोडून गेली, तरी माझे डोळे आधी पाकिटाचा कोपरा शोधायचे.

गाडी, आणि एक डबा रस

शिंकानसेनचं, म्हणजे बुलेट ट्रेनचं, वर्णन सगळ्यांनी वाचलेलं आहे, ते सोडून देते. कोरियामाला उतरून एक लहान गाडी पकडली आणि थोड्याच वेळात खिडकीबाहेर बर्फ. तोक्योत लोक चेरीखाली चटया टाकून जेवत होते, आणि इथे छपरांवरून बर्फाचे लगदे घसरत होते. मी स्वेटर एकच आणला होता.

स्टेशनवर दोघं आले होते. किकुची-सान ऑफिसात कायम कोट-टायमध्ये बघितलेले. इथे रबरी बूट, डोक्यावर लोकरीची टोपी, चेहरा उन्हानं रापलेला. सेत्सुको-सान बुटकी, गोल चेहऱ्याची, भराभर चालणारी. तिनं माझ्या हातात मशीनमधला गरम डबा ठेवला, पीचच्या रसाचा. सवयीनं माझी नजर डब्याच्या खालच्या कडेला गेली आणि तोंडातून मोठ्यानं निघून गेलं, "फुकुशिमा."

"अय्या! कांजी वाचता येते तुम्हाला!" ती इतकी हरखली की काय सांगू. "बघा हो, ओकुसान वाचतात! आमच्या जिल्ह्याचं नाव वाचलं!" कांजी म्हणजे त्यांची ती चिनी वळणाची अक्षरं, आणि ओकुसान म्हणजे वहिनी म्हणा किंवा बाईसाहेब म्हणा, मी तिथे तीच होते. "अजून काय काय वाचता येतं?"

काय सांगणार? मेल्याहून मेल्यासारखं झालं. "थोडंथोडं," मी म्हटलं आणि डबा पर्समध्ये टाकला. "नंतर पिते."

सुहास बॅगा उचलून गाडीकडे चालायला लागला.

तळ्यावर

तळं म्हणजे किती लहान, तर या काठावरून हाक मारली तर त्या काठावर ऐकू जाईल. तिन्ही बाजूंनी झाडं, खाली सावलीत अजून बर्फ, काठाला पाण्यावर पातळ पापुद्रा. मधलं पाणी मोकळं आणि काळं. लाकडी धक्क्याला तीन होड्या बांधलेल्या आणि शेजारी मच्छीमारांच्या मंडळाचा फलक. फलकावर जुना मोठा बोर्ड काढल्याचा फिकट चौकोन दिसत होता आणि त्यात नवा कागद लावलेला.

"काय लिहिलंय?" मी सुहासला हळूच विचारलं.

"इतकी वर्षं इथला मासा धरला तरी सोडून द्यावा लागायचा. न्यायची, खायची बंदी होती. पुन्हा पुन्हा तपासणी करून या वर्षी बंदी उठवली. आता नेता येतो."

किकुची-सान तेवढ्यात म्हणाले, "बंदी उठून आठवडा झाला. अजून कुणी नेला नाही." आणि दोर सोडायला वाकले.

इथला मासा म्हणजे इवाना. थंड पाण्यातला, काळपट, अंगावर पांढरे ठिपके. ओढ्यातले वीतभर असतात, पण तळ्यातला म्हातारा होतो तसा मोठा होतो, आणि असा एखादाच. बर्फ वितळल्या वितळल्या भुकेला होऊन वर येतो, म्हणून या दिवसांत त्याच्या मागे लागायचं. दिवस दिवस होडीत बसायचं आणि रिकाम्या हातानं परत यायचं. रिकाम्या हातानं परत येण्याला तिथे बोझु म्हणतात. बोझु म्हणजे मुंडण केलेला भिक्षू. किकुची-सान म्हणाले, "मी गेल्या वर्षी पूर्ण मोसमभर भिक्षूच होतो." हा त्यांच्या तोंडून ऐकलेला पहिला विनोद.

पद्धत अशी. होडीच्या मागे गळाची दोरी लांब सोडायची, टोकाला मधोमध वाकवलेली चकचकीत धातूची पट्टी. तिला ते चमचाच म्हणतात. कुणी तरी हळूहळू वल्हवत राहायचं; पट्टी पाण्यात लकलकते, मोठ्या माशाला वाटतं लहान मासा चाललाय. दुसरा गडी काठी धरून बसून राहतो. बस्स. एवढंच.

सुहासला हे पुळचट वाटलं. त्याला काठी फिरवून लांब फेकायची होती, सिनेमात करतात तशी. त्यानं ती फिरवली आणि गळ सरळ स्वतःच्याच जाकिटाच्या टोपीत रुतवून घेतला. किकुची-साननी वल्ही ठेवली, चष्मा पुसला आणि बराच वेळ ती टोपी सोडवत बसले. मग काठी माझ्याकडे आली.

मी कुठली मासे धरायला! अलिबागची आहे, मासे खायला जन्मले. आमच्याकडे तळ्यातला जिताडा लागला की बाबांचा चेहरा बदलायचा, घरात लग्न निघाल्यासारखी गडबड व्हायची. पण धरणारे वेगळे, खाणारे आम्ही. तरी धरली काठी. हातमोज्यात गरम होणाऱ्या पुरचुंड्या, अंगावर सेत्सुको-सानचं जाकीट, आणि वल्ह्यांचा चुळुक चुळुक आवाज. तळ्याला फेऱ्यांवर फेऱ्या. दुपारी त्यांनी भाताचे गोळे दिले, आत खारवलेलं आंबट फळ. मी गोळ्याकडे बघत राहिले. "तांदूळ निइगाताचा," किकुची-सान सहज म्हणाले. निइगाता वेगळा जिल्हा; मी खाल्ला. त्यांनी ते का सांगितलं असेल हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

दुपारनंतर मला डुलकी लागली. खोटं कशाला सांगू? कितीतरी दिवसांत कुणी माझ्याकडून काही मागत नव्हतं, काही विचारत नव्हतं. काठी गुडघ्यात धरून मी झोपले. आणि कुणी तरी हाताला धरून उठवावं तसा हिसका बसला.

"अगं आई गं! सुहास, धर, धर!"

"युक्कुरी, युक्कुरी," किकुची-सान म्हणत होते. सावकाश, सावकाश. मी कसली सावकाश! मी उभी राहिले, होडी कलंडली, सुहासनं मला जाकिटाला धरून खाली बसवलं. दोरी पाण्यात खाली खाली जात होती. मासा दिसत नव्हता, नुसतं त्याचं वजन हाताला लागत होतं. मध्येच तो थांबायचा, मला वाटायचं गेला, आणि पुन्हा निघायचा. खांदे भरून आले. किकुची-साननी एकदाही काठीला हात लावला नाही. शेवटी काळ्या पाण्यात पिवळट पोट दिसलं आणि त्यांनी जाळी खाली घातली.

माझ्या बोटांपासून कोपरापर्यंत होता तो. थोडा जास्तच. खालचा जबडा म्हाताऱ्यासारखा वर वळलेला. किकुची-साननी जाळी पाण्यातच ठेवली, आधी स्वतःचे हात ओले केले, म्हणजे माशाच्या अंगाला इजा होऊ नये, आणि अलगद गळ काढला. जाळी कलंडायलाही लागली होती. इतक्या वर्षांची त्यांच्या हातांना सवय, धरायचा आणि सोडायचा. मग ते थांबले. माझ्याकडे वळले.

"ओकुसान, मासा तुमचा आहे. काय करू? सोडू का नेऊ?"

आता सांगा, अलिबागच्या बाईला हा काय प्रश्न झाला? एवढा मासा आणि सोडायचा? "सोडायचा? छे छे! घरी न्यायचा!"

त्यांनी जाळी पुन्हा सरळ केली. "खरंच?"

"म्हणजे काय! अर्थात!"

म्हाताऱ्याचा चेहरा मी कधी विसरणार नाही. तोंड उघडं, डोळे ओले. मग त्यांनी होडीतला लाकडी दांडका घेतला. मासा मारायला एक टोला पुरतो म्हणतात. मारायची सवय गेलेली, त्यांचा पहिला फळीवर बसला. दुसऱ्यांदा नीट मारला, आणि माशासमोर हात जोडले.

सुहास मराठीत हळूच म्हणाला, "नीला, तू काय बोलून बसलीस कळतंय का तुला?"

तेव्हा कळलं. न्यायचा म्हणजे खायचाही.

शनिवारचा वार

परतताना गाडीत किकुची-सान बोलतच होते. ऑफिसात दिवसभरात चार वाक्यं बोलणारा माणूस. लहानपणी आई कसा भाजायची, डोक्याची सारवजा आमटी कशी करायची, आज रात्री काय काय करू. मागच्या सीटवर मी आणि सुहास एकमेकांना कोपरानं ढोसत होतो.

घरात शिरल्यावर सुहासनं तोंड उघडलं. "किकुची-सान, एक अडचण आहे. आज शनिवार. आमच्याकडे शनिवारी मांसमच्छी चालत नाही. देवाचा वार असतो."

मी कपाळावर हात मारायची बाकी राहिले. सासूबाई होत्या तोवर आम्ही सोमवार, गुरुवार, शनिवार पाळले, हे खरं. पण ओजिमात? तिथे शनिवार म्हणजे उलट कोळंबीचा दिवस, कारण सुहास घरी असायचा.

किकुची-साननी टोपी काढली. "असं का! मला माहीत नव्हतं, माफ करा. कुठल्या देवाचा?"

"मारुती. म्हणजे... शक्तीचा देव."

"आणि हे दर शनिवारी?"

"दर शनिवारी," सुहास ठासून म्हणाला.

"म्हणजे उद्या रविवारी चालेल," किकुची-सान म्हणाले. साधा हिशोब. "उत्तमच. इवाना एक रात्र ठेवला की जास्त गोड लागतो."

सुहासचं तोंड बघण्यासारखं झालं. रविवारी मासे नकोत असं म्हणायला कोकण किनाऱ्यावरच्या कुठल्याच माणसाची जीभ रेटत नाही, त्याचीही रेटली नाही.

इकडे सेत्सुको-सान स्वयंपाकघरातून पळत आली. माशाच्या पाण्यात शिजवलेलं चालेल का? ते चालत नाही म्हटल्यावर तिनं केलेलं सगळं सार ओतून दिलं, भांडं घासलं आणि समुद्री पाल्याच्या पाण्यात सगळं पुन्हा केलं. आमच्या थापेपायी. तोफू, कोबी, मशरूम, गाजर, मधे शेगडीवर उकळणारं भांडं. ओट्यावर भाज्यांची रिकामी पाकिटं नीट ओळीत ठेवलेली होती. माझे डोळे गेलेच. ती दोन अक्षरं कुठेही नव्हती. मला हायसं वाटलं आणि मी पोटभर जेवले.

खोलीत गाद्या घालताना सुहास म्हणाला, "उद्या सकाळी माझं पोट बिघडवतो. दोघांनी लवकरची गाडी पकडू."

"तुझी युक्ती पुरे झाली आता," मी म्हटलं. "उद्याचं उद्या." आणि इतकी दमले होते की तशीच झोपले.

रविवार

सकाळी इराला माशाबरोबरचा माझा फोटो पाठवला. तिचं लगेच उत्तर, अर्धं जपानी, अर्धं मराठी: "आई, सुगोई! भारीच! कसा लागला?" मी लिहिलं, अजून खाल्ला नाही, खावा की नाही कळत नाही. त्यावर तिनं लिहिलं, "आई, मी सेंदाईला काय खाते असं वाटतं तुला?" सेंदाई फुकुशिमाच्या शेजारच्याच जिल्ह्यात. मी फोन उशीखाली ठेवला आणि स्वयंपाकघरात गेले.

सेत्सुको-सान मागच्या दारात बूट घालून उभी होती. अंगणातल्या बर्फात एक काठी रोवलेली होती, तिथे खणून तिनं एक भलामोठा मुळा बाहेर काढला. तिच्या बागेतला, थंडीआधी काढून बर्फाखाली पुरून ठेवलेला. तिथल्या बायका तसाच ठेवतात, बर्फात मुळा गोड होतो म्हणे. तिनं तो धुतला, चिरला आणि एका लहान भांड्यात टाकला. शेजारी मोठं भांडं होतं, त्यात काल पाकिटातून काढलेली गाजरं.

"दोन भांडी कशाला?" मी विचारलं.

"हे आमचं दोघांचं," ती म्हणाली. "ते तुमचं. नागानोची गाजरं आहेत, ते बघा पाकीट." आणि ओट्यावरचं पाकीट तिनं बोटानं माझ्याकडे सरकवलं, नाव माझ्या बाजूला.

मी पाकीट हातात घेतलं. तीच पुढे बोलत राहिली, मुळ्याची साल काढत, हवापाण्याचं बोलावं तशी. "मुलगा-सून येतात ना तोक्योहून, तेव्हा सुरू केलं. ती बिचारी विचारायची नाही काही, नुसती बसायची. पोरं जेवायला लागली की तिचे खांदे असे वर. मग मी पाकिटं दिसतील अशी ठेवायला लागले. खांदे खाली यायचे. आता ते जेवायला थांबत नाहीत, डबा घेऊनच येतात. पण पाकिटं ठेवायची सवय राहिली."

"राग नाही येत?"

"कुणाचा?" तिनं खरोखर विचारलं. "आई आहे ती. मी तिच्या जागी असते तर?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "हे मात्र वाट बघत होते. बोर्ड निघाला त्या दिवशी मुलाला फोन केला, ये म्हणाले, आता खाता येतो. तो म्हणाला, बघू. काल तुम्ही न्यायचा म्हणालात ना, घरी आल्यावर दोनदा मला सांगितलं. न्यायचा म्हणाल्या, न्यायचा म्हणाल्या."

त्या सुनेला मी कधी बघितलं नाही, पण ओळखत होते. सुपरमार्केटमध्ये माझ्या शेजारी उभी राहून तिनंही पाकिटं उलटीसुलटी केली असतील. मला रडू आलं. आणि रागही आला, फुटलेल्या केंद्राचा, सुहासच्या मारुतीचा, माझ्या स्वतःच्या डोळ्यांचा. कालचं ते 'फुकुशिमा' आठवलं. सेत्सुको-सानला स्टेशनवरच कळलं असेल मला ती अक्षरं का येतात. तरी ती हरखली होती. का हरखल्यासारखं केलं होतं? मी विचारलं नाही. अजूनही मला माहीत नाही.

डोळे पुसून मी म्हटलं, "मासा माझ्याकडे द्या. आणि धारेची सुरी."

पर्समध्ये माझी प्रवासातली डबी असतेच, हळद, तिखट, हिंग. मी बाह्या सरसावल्या आणि त्याचे तुकडे पाडले. डोकं आणि अर्धं अंग सेत्सुको-सानला दिलं, ती मीठ लावून भाजणार होती. बाकीच्याला मी हळद, तिखट, मीठ चोळलं. आमसूल कुठलं मिळायला? कालच्या भातातलं ते आंबट खारट फळ कुस्करून लावलं. तांदळाचं पीठ तिच्याकडे होतं. तवा तापला, पहिला तुकडा पडला आणि चर्र आवाजाबरोबर जो वास सुटला, तो थेट अलिबागच्या माजघरातला. सुहास पोटावर हात ठेवून, चेहरा पाडून दारात आला होता. वासानं हात खाली आला.

"नीला, नक्की?" तो मराठीत म्हणाला.

"बस पाटावर," मी म्हटलं. पाट नव्हता, उशी होती. बसला.

जेवायला चौघं बसलो. किकुची-सान अगदी ताठ बसले होते, ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसायचे तसे. माझ्या ताटाशेजारी त्यांनी गाजराचा वाडगा सरकवला आणि खाली बघत म्हणाले, "ओकुसान, मनाविरुद्ध काही करू नका. तुम्ही धरलात, घरी आणलात, इतकं पुष्कळ झालं. खाणारे आम्ही आहोत."

भीती गेली होती का? नाही. खोटं बोलणार नाही. तुकडा उचलला तेव्हा त्या काळातल्या सगळ्या बातम्या डोक्यात गोल फिरत होत्या. मी तो तोंडात टाकला. वरून कुरकुरीत, आत पांढरा, लुसलुशीत, किंचित गोडसर. मासा चांगला असला की तोंडात ठेवल्याबरोबर कळतं, त्याला पत्ता विचारावा लागत नाही. मी दुसरा घेतला, आणि सुहासच्या ताटात एक वाढला. त्यानं खाल्ला, मग आणखी दोन घेतले. मग मी सेत्सुको-सानला म्हटलं, "आणि त्या लहान भांड्यातला मुळा मलाही हवा."

ती उठली. वाढताना तिचा हात माझ्या खांद्यावर जरा जास्त वेळ राहिला.

किकुची-सान अजून नुसते बघत होते. मग त्यांनी माझ्या तव्यावरचा सगळ्यांत लाल तुकडा उचलून अख्खा तोंडात टाकला. आणि ठसका! चेहरा लालबुंद, डोळ्यांतून धारा, टेबल धरून खोकतायत. पाणी कुठेय पाणी, असं करत मी हाताला लागेल ते म्हणून पर्समधला डबा काढला, फोडला आणि त्यांच्यापुढे धरला. धरल्यावर बघितलं. कालचा पीचचा रस. कालपासून तसाच राहिलेला.

सेत्सुको-साननं तो डबा बघितला. माझ्याकडे बघितलं. मग उठून तिनं चार लहान पेले आणले, उरलेला रस चौघांत सारखा ओतला आणि स्वतःचा पेला आधी उचलला. मी माझा पेला एका घोटात संपवला. फार गोड होता, गार झालेला, आणि मला हवा होता.

काटे ताटात राहिले तेव्हा किकुची-साननी फोन काढून फोटो घेतला. मासा नाहीच, नुसती चार रिकामी ताटं आणि मधे ते वळलेल्या जबड्याचं डोकं. मुलाला पाठवला. सोबत काय लिहिलं ते आम्हाला दाखवलं नाही.

दुपारच्या गाडीला ते सोडायला आले. स्टेशनवर आम्ही चौघंच. छपरावरून बर्फाचं पाणी गळत होतं. आता पुन्हा भेट होणार नाही हे चौघांनाही माहीत होतं. सुहास ते भूकंपाच्या दिवशीचं काही तरी बोलायला लागला आणि वाक्य अर्ध्यावर सोडून कमरेत वाकला. किकुची-सान नुसते "हाय, हाय", म्हणजे हो, हो, म्हणत मान हलवत राहिले.

गाडी वळणावर दिसली आणि त्यांच्या खिशात फोन वाजला. त्यांनी चष्मा वर करून बघितलं.  मग फोन सेत्सुको-सानला दाखवला, तिनं तोंडावर हात धरला, आणि तिनं तो माझ्यासमोर आणला. मला एवढं वाचता येत नाही हे तिला कुठे ठाऊक! सुहासनं वाचलं.

"मुलाचा आहे. लिहिलंय, कसा लागला?"

किकुची-सान माझ्याकडे वळले.  "ओकुसान, काय लिहू?"

गाडी फलाटाला लागत होती. मी म्हटलं, "लिहा, बारीक काटे आहेत. पोरांना भरवताना जपून."